बदल झाला, हे कळवायचं कोणी?

फोनला चार्जर लावला की काय काय होतं ते एकदा नीट पाहा. वरच्या कोपऱ्यातल्या बॅटरीच्या चित्रात वीज चमकते. लॉक स्क्रीनवर 'चार्जिंग सुरू' असं दिसतं. 'चार्जिंगवर असतानाच बॅकअप घे' असं सांगून ठेवलेलं फोटोंचं ॲप कामाला लागतं. ही तिन्ही कामं वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेल्या कोडमधली आहेत. बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या कोडला त्यांतल्या एकाचंही नाव ठाऊक नाही, तरी निरोप सगळ्यांना पोचला.

यामागे ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमधली, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधलेल्या 'ऑब्जेक्ट'नी प्रोग्रॅम रचायच्या पद्धतीतली, एक जुनी युक्ती आहे: ऑब्झर्व्हर पॅटर्न. मला ती फार आवडते, कारण तिचं सगळं बळ एका अज्ञानात आहे. ज्या ऑब्जेक्टमध्ये बदल होतो, त्याला ऐकणारे कोण आहेत आणि ऐकून ते काय करणार आहेत याचा पत्ताच नसतो. तिची बहुतेक दुखणीही तिथूनच सुरू होतात.

ही युक्ती नसती तर दोन वाटा उरल्या असत्या. पहिली म्हणजे सतत विचारत राहणं. लॉक स्क्रीनने दर सेकंदाला 'चार्जर लागला का?' असं विचारलं, तर दिवसाचे 86,400 प्रश्न होतात. चार्जर दिवसात दोनदा लावला आणि दोनदा काढला, तर त्यांतल्या चारच प्रश्नांना नवं उत्तर मिळणार. बाकी सगळे फुकट, आणि ती बॅटरी जाळून विचारलेले. दुसरी वाट म्हणजे बॅटरीच्या क्लासमध्ये, म्हणजे तिचा ऑब्जेक्ट ज्यावरून बनतो त्या कोडमध्येच, लिहून टाकणं: चित्र बदल, लॉक स्क्रीन बदल, बॅकअप सुरू कर. हे चालतं. पण उद्या स्मार्टवॉच जोडायचं ठरलं की बॅटरीचा क्लास उघडा, बॅकअप काढून टाकला की पुन्हा उघडा. ज्याचं काम बॅटरी मोजणं, तो क्लास दुसऱ्यांच्या गरजांपायी रोज बदलत राहतो आणि प्रत्येक बदलात काहीतरी मोडायची धास्ती असते.

ऑब्झर्व्हरमध्ये बॅटरी फक्त एक यादी बाळगते. ज्याला बदल कळायला हवा त्याने स्वतः येऊन नाव नोंदवायचं, आणि गरज संपली की काढून घ्यायचं. यादीत येण्यासाठी अट एकच: तुमच्याकडे 'अपडेट' नावाची मेथड, म्हणजे बाहेरून हाक मारून करून घेता येणारं काम, हवी. बदल झाला की बॅटरी यादी घेते आणि ओळीने प्रत्येकाची अपडेट मेथड कॉल करते. सोबत नवा आकडा पाठवायचा, की 'बदल झालाय' एवढंच सांगून आकडा ज्याचा त्याने विचारून घ्यायचा, हे लिहिणाऱ्यावर. दोन्ही पद्धती वापरात आहेत.

ही कल्पना रुजली ती कॅलिफोर्नियात, पालो आल्टोमधल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात. तिथे स्मॉलटॉक ही भाषा घडत होती आणि खिडक्या, मेनू, माउस असलेला पडदाही. 1978-79 च्या सुमारास नॉर्वेहून तिथे आलेले ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी माहिती आणि तिचं पडद्यावरचं रूप वेगळं ठेवायची रचना मांडली. तीच पुढे मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर म्हणून जगभर गेली. पण एकच माहिती दोन खिडक्यांत उघडी असेल आणि एकीत बदलली, तर दुसरीला ते कळणार कसं? स्मॉलटॉक-80 मध्ये याचं उत्तर भाषेच्या मुळाशीच होतं. कुठल्याही ऑब्जेक्टवर अवलंबून असलेल्यांची नोंद करता येई. तो स्वतःला 'बदललो' असा संदेश पाठवी आणि नोंदवलेल्या प्रत्येकाकडे 'अपडेट' पोचे. 1994 साली एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडीस या चौघांनी आपल्या 'डिझाइन पॅटर्न्स' या पुस्तकात 23 पॅटर्न नोंदवले. ऑब्झर्व्हर त्यांतला एक, आणि तेव्हापासून हेच नाव टिकलं.

कागदावर हे इतकं सोपं दिसतं की कोणीही दहा ओळींत लिहून दाखवेल. खरी गंमत त्या दहा ओळींतच आहे.

समजा यादीत अ, ब, क आणि ड असे चौघे आहेत. शून्यापासून मोजलं तर त्यांचे क्रमांक 0, 1, 2, 3. बॅटरी क्रमांक शून्यापासून निरोप द्यायला निघाली. अ-ला कळवलं. मग क्रमांक 1, म्हणजे ब. ब-ला हा बदल एकदाच ऐकायचा होता, म्हणून निरोप मिळताच त्याने आपलं नाव यादीतून काढलं. तसं करायचा त्याला पूर्ण हक्क आहे. पण आता यादी उरली अ, क, ड. क सरकून क्रमांक 1 वर आला. बॅटरी मात्र 1 संपवून क्रमांक 2 कडे गेली, आणि तिथे आहे ड. क-ला निरोप मिळालाच नाही. त्याच्या कोडमध्ये काहीही चुकलेलं नाही, बॅटरीच्या कोडमध्येही वाचून काही खटकत नाही. म्हणूनच असला बग शोधताना माणूस रडकुंडीला येतो. जावासारख्या भाषेत ठरलेल्या पद्धतीने यादी फिरताना ती मध्येच बदलली, तर बहुतेक वेळा प्रोग्रॅम थेट एरर देऊन थांबतो. शांतपणे चुकण्यापेक्षा ते कितीतरी बरं. यावर रुळलेला उपाय म्हणजे आधी यादीची प्रत काढायची आणि प्रतीवरून निरोप द्यायचे. मग ब गेला तरी क जागेवरच राहतो. पण प्रत जुनी असते, त्यामुळे नुकतंच नाव काढलेल्यालाही एखादा शेवटचा निरोप जाऊ शकतो. तो पचवायची तयारी ऐकणाऱ्याने ठेवावी लागते.

याहून चिवट दुखणं म्हणजे नाव नोंदवून विसरून जाणं. जावासारख्या भाषांत नको असलेले ऑब्जेक्ट गार्बेज कलेक्टर झाडून नेतो, पण ज्याच्याकडे अजून कोणी बोट दाखवतंय त्याला तो हात लावत नाही. यादी हे तसंच बोट आहे. अँड्रॉइड फोन आडवा केला की चालू स्क्रीनचा ऑब्जेक्ट सहसा मोडून नवा बांधला जातो. जुन्या स्क्रीनने ॲपभर जगणाऱ्या एखाद्या ऑब्जेक्टकडे नाव नोंदवलं असेल आणि जाताना काढलं नसेल, तर ती स्क्रीन तिच्यावरच्या सगळ्या चित्रांसकट मेमरीत अडकून राहते. फोन पाच वेळा फिरवला की अशा पाच स्क्रीन. वर प्रत्येक बदलाचा निरोप त्या पाचही जणींना जातो आणि त्या इमानेइतबारे काम करत राहतात, कोणालाही न दिसणाऱ्या पडद्यावर. सिस्टिमकडे नोंदवलेल्या ऐकणाऱ्यांचं अँड्रॉइड स्वतः पाहतं: त्यांची नोंद काढून टाकतं आणि लॉगमध्ये तक्रारही लिहितं, की ही स्क्रीन अमुक रिसीव्हर (निरोप ऐकणारा) तसाच टाकून गेली, नाव काढायचं राहिलं का? तुमच्या स्वतःच्या यादीसाठी मात्र असा कोणी पहारेकरी नसतो.

यादीने ऐकणाऱ्याला सैल धरावं, म्हणजे वीक रेफरन्स ठेवावा, असं बरेचदा सुचवलं जातं. सैल धरलेल्याला गार्बेज कलेक्टर नेऊ शकतो, त्यामुळे मेमरी मोकळी होते. पण ज्या ऐकणाऱ्याला त्या यादीखेरीज कोणीच धरलेलं नाही, तोही जातो, मग तो गरजेचा का असेना. प्रोग्रॅम पाच मिनिटं छान चालतो आणि नंतर एखादं बटण मुकं होतं. मला पटलेली वाट अँड्रॉइडच्या लाइव्हडेटा या तयार क्लासमध्ये दिसते. तिथे नेहमीच्या पद्धतीत नाव नोंदवतानाच 'मी अमुक स्क्रीनबरोबर जगतो' हे सांगावं लागतं. ती स्क्रीन मोडली की नाव आपोआप निघतं.

ऐकणारे किती आहेत हे ठाऊक नसल्याचा फटका आख्ख्या फोनलाही बसला आहे. पूर्वी अँड्रॉइडमध्ये बंद पडलेलं ॲपसुद्धा 'नेटवर्क बदललं की मला उठवा' अशी नोंद करून ठेवू शके. माणूस घरातून बाहेर पडला, वायफाय सुटून मोबाइल डेटा सुरू झाला की नोंद केलेली सगळी ॲप एकदम जागी होत आणि मेमरी-बॅटरीवर तुटून पडत. 2016 च्या अँड्रॉइड 7.0 मध्ये, त्या आवृत्तीसाठी बनवलेल्या ॲपना अशी कायमची नोंद बंद झाली. पुढच्या वर्षी 8.0 मध्ये असे बहुतेक सार्वजनिक, म्हणजे कोणा एका ॲपसाठी नसलेले, निरोप या कायमच्या नोंदीतून वगळले गेले.

निरोपांचा क्रम हा आणखी एक प्रश्न. एका तक्त्यात किंमत आहे 100, तिच्यावर 10 टक्के कर, आणि एकूण म्हणजे दोन्हींची बेरीज, 110. एकूण या खान्याने किंमत आणि कर दोन्हींकडे नाव नोंदवलंय. किंमत 200 झाली. किंमतीच्या यादीत एकूणचं नाव कराच्या आधी असेल तर त्याला निरोप आधी मिळतो, आणि तो 200 मध्ये जुना कर 10 मिळवून 210 दाखवतो. मग कर 20 होतो, पुन्हा निरोप येतो आणि 220 दिसतं. क्षणभर पडद्यावर असा आकडा होता जो कधीच खरा नव्हता. त्या क्षणात दुसऱ्या कोणी तो उचलून बिल छापलं तर?

जावाच्या पहिल्या आवृत्तीपासून असलेला तयार 'ऑब्झर्व्हेबल' क्लास 2017 साली जावा 9 मध्ये 'आता वापरू नका' या यादीत गेला. निरोपांच्या क्रमाची हमी नसणं हे त्याच्या कारणांपैकी एक. एक्सेलला तो क्रम टाळून चालणारच नव्हतं. कोणता खाना कोणावर अवलंबून आहे हे ते स्वतः लिहून ठेवतं आणि गणिताची एक साखळी बांधतं. हिशोब करताना एकूणची पाळी आधी आली आणि कर अजून जुनाच असेल, तर एकूणला साखळीत मागे सरकवलं जातं आणि कराचा हिशोब आधी होतो.