गाण्याचं कुंपण

रात्री उशिरा पेठांमधून दुचाकीवर घरी जाणाऱ्या पुणेकराला कुत्र्यांच्या हद्दी तोंडपाठ असतात. एका गल्लीतली टोळी भुंकत मागे लागते आणि ठरावीक कोपऱ्यावर येऊन थबकते. पुढचा रस्ता दुसऱ्या टोळीचा.

प्राणी जिथे जिथे हिंडतो तो सगळा टापू त्याची हद्द नसतो. त्यातला जेवढा भाग तो आपल्याच जातीच्या इतरांना हुसकावून राखतो, तेवढीच हद्द. पक्ष्यांच्या बाबतीत ही कल्पना एलियट हॉवर्ड या इंग्रज निरीक्षकानं १९२० साली नीट मांडली.

मार्चपासून पहाटे अँटेनावर बसून शीळ घालणारा दयाळ घ्या. आपल्याला ते गाणं गोड वाटतं. शेजारच्या नराला मात्र ती ताकीद असते. ताकीद लागू पडते का, हे जॉन क्रेब्स यांनी ऑक्सफर्डजवळच्या वायथम जंगलात तपासलं. ग्रेट टिट या चिमणीएवढ्या पक्ष्यांना त्यांनी जागेवरून हलवलं आणि काही रिकाम्या जागांवर ध्वनिवर्धकातून त्यांचंच गाणं वाजवत ठेवलं. जिथे शांतता होती तिथे नवे पक्षी लवकर घुसले. जिथे गाणं चालू होतं तिथे उशिरा. राखणदार नव्हताच, नुसत्या आवाजानं काही काळ जागा राखली! शिवाय अनेक पक्षी ओळखीच्या शेजाऱ्याच्या गाण्यावर फारसे चिडत नाहीत, उपरा आला की उसळतात. शेजाऱ्याकडे स्वतःची जागा असते, उपऱ्याला ती हवी असते.

पण राखण फुकट होत नाही. वेळ जातो, ताकद जाते, जखमाही होतात. म्हणून १९६४ साली जेरम ब्राउन यांनी हिशेब मांडला: राखण्याच्या खर्चापेक्षा मिळकत जास्त असेल तरच हद्द टिकते. केनियातल्या सोनेरी पंखांच्या शिंजिरांनी, म्हणजे फुलांतला मध पिणाऱ्या छोट्या पक्ष्यांनी, हे जणू आकडेमोड करून दाखवलं. कुणाची हद्द छोटी, कुणाची कितीतरी मोठी. पण प्रत्येकीत फुलं साधारण १,६०० च. दिवसभराच्या मधाची गरज भागेल एवढी.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो धोबी. हिवाळ्यात मुठेच्या पात्रात शेपटी हलवत फिरणारा पांढरा धोबी, त्याच जातीचे इंग्लंडमधले भाईबंद निक डेव्हिस यांनी थेम्सच्या काठी अभ्यासले. पाण्याबरोबर काठाला लागणारे किडे टिपत मालक आपल्या पट्ट्याला फेरी घालतो. फेरी पुरी व्हायला सुमारे ४० मिनिटं लागतात, तोवर मागे नवे किडे साचलेले असतात. मध्येच कुणी चरून गेलं तर सगळं गणित कोसळतं. तरीही किडे भरपूर असतील त्या दिवशी मालक एक पाहुणा चालवून घेतो, कारण तोही घुसखोरांना हाकलायला मदत करतो. किडे कमी झाले, की पहिली हकालपट्टी त्याच पाहुण्याची.