आधी माती, मग नकाशा

नकाशा शिकवायचा म्हणजे नद्या, पर्वत, राजधान्या पाठ करून घ्यायच्या, ही खोड जुनी. तिच्यावरचे आक्षेपही जुनेच. मुलाने पहिला नकाशा स्वतःच्या परिसराचा आणि स्वतःच काढावा, असं विचारवंत रूसोने १७६२ सालीच ‘एमिल’ या शिक्षणावरच्या ग्रंथात लिहिलं होतं.

ते करून दाखवलं शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोझीने. स्वित्झर्लंडमधल्या त्याच्या इव्हर्दाँच्या शाळेतली मुलं जवळच्या दरीत जात. आधी दरी नुसती डोळे भरून बघायची. मग तिथलीच चिकणमाती टोपल्यांत भरून आणायची आणि लांब टेबलांवर तीच दरी घडवायची. पुढच्या फेरीत आणखी थोडी दरी, आणखी थोडी माती. प्रतिकृती पुरी झाल्यावरच नकाशा समोर यायचा, आणि तोवर तो मुलांना वाचता येऊ लागलेला असायचा.

विसाव्या शतकात वाद वयावर आला. मानसशास्त्रज्ञ पियाजे आणि इनहेल्डर यांनी १९४८ मध्ये तीन डोंगरांचा प्रयोग मांडला : मुलासमोर तीन डोंगरांची प्रतिकृती ठेवून पलीकडे बसलेल्या बाहुलीला काय दिसत असेल, असं विचारलं तर लहान मुलं स्वतःला दिसणारंच चित्र दाखवत. मग एवढ्यात नकाशा कशाला, हा निष्कर्ष सोयीचाच होता. १९७० च्या सुमारास भूगोलतज्ज्ञ जेम्स ब्लाउट यांनी पाच-सहा वर्षांच्या मुलांपुढे हवाई छायाचित्रं ठेवली. घरं, रस्ते मुलांनी सहज ओळखले. पुढे लिबेन आणि डाउन्स या संशोधकांना मात्र अशीही मुलं भेटली, ज्यांच्या मते नकाशात लाल दाखवलेला रस्ता खरोखरच लाल होता! माझ्या मते भांडणाचा निकाल इथेच लागतो. वरून बघणं लवकर जमतं. चिन्ह आणि नकाशाचं प्रमाण (स्केल) शिकवावं लागतं.

दरम्यान १९६५ मध्ये बाल्चिन आणि कोलमन या भूगोलतज्ज्ञांनी नकाशे-आकृत्यांच्या समजेला लेखन-वाचन, अंकज्ञान आणि संभाषण यांच्या पंगतीत बसवलं. उच्च शिक्षणात वेगळंच घडलं. १९६० च्या दशकात कॅनडात रॉजर टॉमलिन्सन यांनी उभी केलेली जीआयएस, म्हणजे ठिकाणांची माहिती संगणकावर नकाशाच्या रूपात साठवणारी-तपासणारी प्रणाली, जमिनीच्या नोंदींसाठी होती. तिथून ती विद्यापीठांत आली आणि शाळांत बरीच उशिरा.

अवकाशीय विचार, म्हणजे वस्तूंची जागा, आकार आणि परस्परांतलं अंतर मनात आणून केलेला विचार, हा एकट्या भूगोलाचा मामला नाही, रेणूची रचना समजायलाही तो लागतो, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००६ च्या अहवालात ठासून सांगितलं. आणि २०१३ मध्ये २१७ अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसलं, की हे कौशल्य सरावाने वाढतं. मुलांचं वाढतं, तसंच मोठ्यांचंही.