मतदानाचा टक्का आणि मतांचा वाटा: सिडको-सातपूरचे आकडे कसे वाचावेत

मतदानाच्या संध्याकाळी नाशिकच्या सिडकोतल्या त्रिमूर्ती चौकात किंवा पवननगरच्या बाजारात एक वाक्य हमखास कानावर येते: "टक्का वाढलाय, म्हणजे वारं फिरलं." कुठला टक्का, हे मात्र कोणी विचारत नाही. मतदानाचा टक्का म्हणजे यादीतल्या शंभर नावांपैकी किती जण केंद्रावर आले. मतांचा वाटा म्हणजे आलेल्या शंभरांपैकी किती जणांनी एका पक्षाचे बटण दाबले. दोन्ही लिहिताना टक्केच लिहितात, पण छेद निराळे. पहिल्याचा छेद मतदार यादी, दुसऱ्याचा छेद पडलेली मते. वस्तीचा कल समजून घ्यायचा तर दोन्ही आकडे शेजारी ठेवावे लागतात.

हिशेबासाठी एक काल्पनिक मतदान केंद्र घेऊ. यादीत १,२०० नावे, मतदान ६६०, म्हणजे टक्का ५५. एका पक्षाला २९७ मते, म्हणजे वाटा ४५. पुढच्या निवडणुकीत यादी तेवढीच, पण मतदान ७८०. टक्का ६५ वर गेला. त्याच पक्षाला आता ३१२ मते. वाटा ४० वर आला, म्हणजे पाच अंकांनी घसरला, आणि मते मात्र १५ ने वाढली. अशा वेळी "मतदारांनी पाठ फिरवली" हे विधान या आकड्यांतून सिद्ध होत नाही. जुने मतदार टिकले आणि नव्याने आलेले १२० बहुतेक दुसरीकडे गेले, असेही घडले असेल. उलटही घडले असेल: जुने काही गेले, नवे काही आले. केंद्राच्या बेरजेवरून माणसांची ये-जा कळत नाही.

सिडको, सातपूर, अंबड भागात मतदानाचा टक्का विशेष सांभाळून वाचावा लागतो, कारण इथली यादी फुगते. औद्योगिक वसाहतीत कामाला आलेले, भाड्याने राहिलेले आणि नंतर पाथर्डी फाट्याकडे किंवा शहराबाहेर गेलेले अनेक जण नाव तसेच सोडून जातात. खानदेशातून आलेल्या काही कुटुंबांची नावे गावाकडच्या यादीतही राहिलेली असतात. वरच्या केंद्रातली २०० नावे अशी असतील, तर प्रत्यक्षात राहणाऱ्यांचे मतदान ५५ नव्हे, ६६ टक्के होते. म्हणून "सिडकोवाले मतदानाला उदासीन" असा शिक्का मारण्याआधी यादी पाहायला हवी. त्याच विधानसभा मतदारसंघात किंवा दुसरीकडे घर बदलले असेल तर नमुना ८, नाव वगळायचे असेल तर नमुना ७ भरावा लागतो. हे अर्ज कमी भरले जातात तिथे टक्का खोटा कमी दिसतो. मतांच्या वाट्यावर मात्र या फुगवट्याचा काहीही परिणाम होत नाही, कारण यादी त्याच्या छेदात नाहीच.

वाट्याचा आकडा बिघडतो दुसऱ्या कारणांनी. 'नोटा' (वरीलपैकी कोणीही नाही) छेदात धरला की नाही, टपाली मते मिळवली की नाही, हे प्रत्येक वेळी एकाच पद्धतीने ठरवा. विधानसभा आणि लोकसभेचे केंद्रनिहाय आकडे नमुना २० मध्ये, म्हणजे अंतिम निकालपत्रकात, मिळतात, पण टपाली मते त्यात केंद्रांत वाटलेली नसतात. ती वेगळ्या ओळीत असतात. मतदानाच्या दिवशी दर दोन तासांनी येणारे आकडे तात्पुरते असतात, ते तुलनेला घेऊ नका.

सगळ्यात मोठी चूक महापालिकेचा निकाल वाचताना होते. २०१७ मध्ये नाशिकला १२२ जागा आणि ३१ प्रभाग होते. त्यांतले २९ प्रभाग चार सदस्यांचे. तिथे एक मतदार अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार मते देतो. समजा प्रभागात १८,००० जणांनी मतदान केले आणि एका पक्षाच्या चौघांना ९,०००, ८,२००, ७,६०० आणि ५,२०० मते पडली. बेरीज ३०,०००. ही बेरीज "आमचे मतदार" म्हणून सांगितली जाते, आणि ती मतदान केलेल्यांपेक्षाही जास्त आहे! प्रत्येक जागेचा वाटा स्वतंत्र काढा: ५० टक्क्यांपासून सुमारे २९ टक्क्यांपर्यंत. या दोन टोकांतले अंतर हीच खरी माहिती. पॅनेल (एका पक्षाच्या चौघांचा गट) फुटले, मतदाराने पक्षाबरोबर माणूसही पाहिला, हे तिथे दिसते. विधानसभेच्या एका बटणात ते दिसत नाही.

जागांवरून वाटा ताडणेही तितकेच फसवे. मनसेने २००९ मध्ये शहरातल्या तिन्ही विधानसभा जागा जिंकल्या, २०१२ मध्ये महापालिकेत ४० जागा मिळवल्या आणि २०१७ मध्ये पाचवर आली. २०१७ मध्ये भाजपला ६६ जागा मिळाल्या, म्हणजे ५४ टक्के जागा. मते तितकी असतीलच असे नाही. बहुरंगी लढतीत तीस-पस्तीस टक्क्यांतही जागा निघते.

तुलना करताना नावही तपासा. विधानसभेचा 'नाशिक पश्चिम' म्हणजे सिडको आणि सातपूरचा पट्टा. महापालिकेचा 'पश्चिम विभाग' म्हणजे शरणपूर रोड, कॉलेज रोडची बाजू. नाव एक, वस्ती वेगळी. २०२४ च्या लोकसभेत नाशिकची जागा शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाने घेतली आणि सहा महिन्यांनी नाशिक पश्चिम विधानसभा भाजपने. पण लोकसभेच्या निकालात सिन्नर, इगतपुरी, देवळालीही मिसळलेली असतात. सिडकोपुरते बोलायचे तर लोकसभेच्या नमुना २० मधला फक्त नाशिक पश्चिमचा भाग काढावा आणि केंद्रे क्रमांकाने जुळवू नयेत, कारण क्रमांक बदलतात. कॉलनी आणि शाळेच्या नावाने जुळवावीत.