दक्षिणमुखी प्लॉटला नाक मुरडण्याआधी
(नवीन लेआऊट आणि रो-हाऊसच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडे सोलर बसवून घ्यायला बहुतेक लोक घराला रंग लागल्यावर येतात. तोवर पाण्याची टाकी, जिन्याची खोली, शेजाऱ्याचा वरचा मजला, दारचा नारळ सगळे आपापल्या जागी पक्के झालेले असतात आणि पॅनेलना उरेल ती जागा मिळते. सोलरचा विचार लेआऊटचा नकाशा काढतानाच व्हायला हवा.

बेळगावात मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून साधारण 8 ऑगस्टपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. यातले बरेच दिवस पावसातच जातात. बाकी वर्षभर तो दक्षिणेकडून जातो. म्हणून पॅनेल दक्षिणेकडे 15 अंशांच्या आसपास कलते ठेवतात, आणि सावलीची भीतीही त्याच बाजूने असते.

समजा, तुमच्या दक्षिणेला शेजाऱ्याने तुमच्या स्लॅबपेक्षा 20 फूट उंच बांधलं. डिसेंबरअखेरीस दुपारी साडेबाराला त्याची सावली 16 फूट पडते. सकाळी साडेनऊला तीच 33 फूट होते, तिरकी, वायव्येकडे. मध्ये तीन-तीन फुटांची मोकळी जागा असेल तर तुमची निम्मी गच्ची गेलीच म्हणायची. आणि पॅनेल साखळीने जोडलेली असतात, त्यामुळे एकावर सावली आली तरी इतरांना फटका बसू शकतो.

आता तुमच्या दक्षिणेला 30 फुटी रस्ता आहे असं धरा. हीच सावली रस्त्यावरच संपते, आणि रस्त्यावर कोणी मजला चढवत नाही. म्हणजे ज्या दक्षिणमुखी साईटला गिऱ्हाईक मिळत नाही, तीच सोलरसाठी सगळ्यात भरवशाची! वास्तूबद्दल आम्ही वाद घालत नाही. दार कुठे ठेवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. लेआऊट करणाऱ्यांना मात्र आग्रहाने सांगतो, की मुख्य रस्ते पूर्व-पश्चिम काढा आणि उंच इमारती उत्तरेच्या हद्दीला ठेवा. घरमालकांनी टाकी आणि जिन्याची खोली गच्चीच्या उत्तर टोकाला घ्यावी. नारळही तिकडेच.

एक किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट मोकळी गच्ची लागते. वर्षाची सरासरी काढली तर त्यातून दिवसाला चारेक युनिट मिळतात. जून ते ऑगस्टमध्ये आकडा बराच उतरतो, खानापूरकडे जास्तच. अथणी-चिकोडीच्या उन्हाचा हिशेब खानापुरात लावू नका.

सोलर प्रत्येकाला परवडतंच असं नाही. गृहज्योतीत (कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत) ज्यांचं बिल शून्य येतं, त्यांनी घाई करू नये. वसाहतीची बोअरची मोटर, रस्त्यावरचे दिवे, लिफ्ट यांचं बिल मात्र सगळ्यांच्या वर्गणीतून जातं, आणि सोलरची खरी बचत तिथे आहे. पाच एचपीची मोटर रोज चार तास चालली तर 15 युनिट खाते. ती पहाटेऐवजी अकरा ते तीन चालवा, पाणी वरच्या टाकीत साठवा. चार किलोवॉटमध्ये काम भागतं.

पीएम सूर्यघर योजनेत घरासाठी 2 किलोवॉटला 60,000 आणि 3 किंवा त्याहून जास्त किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे. वसाहतीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे 18,000.

नेहमी विचारला जाणारा प्रश्न: लाईट गेल्यावर सोलर चालेल का? बॅटरी नसेल तर नाही. सोलरची वीज बाहेरच्या लाईनमध्येही जाते, म्हणून लाईनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये यासाठी सोलरचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) आपोआप बंद होतो. ‘करंट गेला तरी चालू’ असं कोणी म्हणालं तर बॅटरी कुठे आहे ते आधी विचारा.

येताना लेआऊटचा नकाशा आणि हेस्कॉमची (आपल्या भागातल्या वीज कंपनीची) गेल्या 12 महिन्यांची बिलं आणा. बिल कन्नडमध्ये असतं, वाचता येत नसलं तरी हरकत नाही. कोणता आकडा कशाचा ते आम्ही मराठीत समजावून सांगू. सावली मात्र जागेवर येऊनच मोजतो, फोटोवरून कोटेशन देत नाही.