बातमीतला भामटा, यादीतला भामटा

नाशिकच्या कुठल्याही दैनिकाचं स्थानिक पान उघडा, भामटा भेटतोच. पंचवटीत देवदर्शनाला निघालेल्या आजींना दोघे दुचाकीवरून गाठतात. ‘आम्ही पोलीस, पुढे चोरी झालीय, बांगड्या काढून रुमालात बांधा.’ घरी येऊन रुमाल सोडावा तर आत खडे! दुसऱ्या दिवशी मथळा ठरलेला: ‘पोलीस असल्याची बतावणी करून भामट्यांनी दागिने लांबविले’. हल्ली ओटीपी मागणारा ‘सायबर भामटा’ही आलाय. आणि नातवानं डब्यातला लाडू पळवला तरी आजी हसत ‘भामट्या!’ म्हणतेच.

भामटा हे एका जातीचंही नाव आहे, हे मथळा देणाऱ्याच्या गावीही नसतं. राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत भामटा आणि राजपूत भामटा या नोंदी आजही आहेत. बेरड, कैकाडी, रामोशी, वडार यांच्या जोडीला.

जत्राबाजारातला भुरटा चोर हा अर्थ जुना. आगगाडी आल्यावर इंग्रज पोलिसांच्या टिपणांत भामटे ‘रेल्वेतले चोर’ झाले. प्रवाशाचा डोळा लागला की बाकाखालचं गाठोडं गायब. चोर सगळ्याच जातींत असतात, पण इथे अख्खी जातच वहीत चढली. गुन्हेगार जमाती कायदा 1871 चा. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता, 1911 च्या सुधारित कायद्यानं मुंबई इलाख्यातही लागू करता येऊ लागला. ज्या जमातीवर तो लागे, तिच्या माणसांची नोंद होई, बोटांचे ठसे घेतले जात, हजेरी लावावी लागे, गाव सोडायचं तर परवाना. पोरानं काही केलेलं असो वा नसो.

31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. ‘विमुक्त’ हे नाव त्यातूनच आलं. भाषेतली ‘भामटेगिरी’ मात्र चालूच राहिली. ‘ठग’ म्हटल्यावर दुखावणारी जात आज समोर उभी नाही, ‘भामटा’ म्हटल्यावर आहे. मला तरी बातमीत ‘ठकसेन’ किंवा ‘तोतया’ पुरेसा वाटतो.

मग जातीच्या नावातूनच हा शब्द काढावा का? 2023 मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी राजपूत समाजाच्या मेळाव्यात तशी घोषणा केली, तर विमुक्तांच्याच संघटना विरोधात उभ्या राहिल्या. ‘राजपूत भामटा’तला भामटा गेला की उरतो राजपूत, आणि विमुक्तांच्या तीन टक्के आरक्षणात सगळेच राजपूत वाटेकरी होतील, ही त्यांची धास्ती.