वाळू आपली, मग पॅनेल चीनचं का?

गच्चीवर सोलर बसवायचा विषय निघाला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक जुना फॉरवर्ड हमखास डोकं वर काढतो: 'सोलर सेल वाळूपासून बनतात. कोकणात वाळूच वाळू, तरी आपण माल चीनकडून घेतो!'

वाळूत सिलिकॉन असतं, इतपत खरं. पण किनाऱ्याच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा, लोहखनिज, मीठ असं सगळंच मिसळलेलं. सेलसाठी लागतो शुद्ध क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी. ती विजेच्या भट्टीत कोळशासोबत सुमारे 2000 अंशांना तापवली की 98-99 टक्के शुद्ध सिलिकॉन निघतं. सेलला तेही चालत नाही! त्याचं ट्रायक्लोरोसिलेन नावाचं रसायन करायचं, ते ऊर्ध्वपातनाने गाळायचं, मग पुन्हा सिलिकॉन मिळवायचं. शुद्धता निदान 99.9999 टक्के. याला वीज अफाट लागते. घोडं अडलंय ते इथे. पॉलिसिलिकॉन (म्हणजे हेच अतिशुद्ध सिलिकॉन) आणि वेफर (त्याची पातळ चकती, जिच्यापासून सेल बनतो) यांच्या जागतिक उत्पादनक्षमतेत चीनचा वाटा 80 टक्क्यांहून जास्त आहे, तो काही वाळूच्या जोरावर नव्हे.

गंमत म्हणजे पॅनेलचं निम्म्याहून जास्त वजन काचेचं. ती कमी लोहाच्या वाळूची काच गुजरातेत बनते. अ‍ॅल्युमिनियमची चौकटही देशी मिळते. आतली वेफर मात्र 0.2 मिलिमीटरहून पातळ, आणि बहुतेक वेळा आयात केलेली.

'मेड इन इंडिया' स्टिकरवर म्हणूनच विसंबू नका. पीएम सूर्यघर योजनेच्या अनुदानासाठी पॅनेल आणि सेल दोन्ही देशी लागतात. कोटेशन मागताना सेक्रेटरींनी 'डीसीआर' पॅनेल, म्हणजे ही देशी मालाची अट पाळणारं पॅनेल, लेखी मागावं. वेफर तरीही परदेशी असू शकते. नियमाला ते चालतं.