कोल्हापुरी साज, पुतळ्या आणि नथ: डिझाइन्समागची जुनी पार्श्वभूमी

दागिन्यांबद्दलचे मेसेज सगळ्यांनाच येतात, अमुक दागिन्याने तमुक नस दाबली जाते वगैरे. मला हे वाचून खरंच वाईट वाटतं, कारण या डिझाइन्सच्या मागे त्याहून कितीतरी मोठी गोष्ट आहे, त्यात देव आहेत, शेतातलं धान्य आहे आणि समुद्रापलीकडचा व्यापारही आहे.

सुरुवात कोल्हापुरी साजापासूनच करायला हवी. जुन्या पद्धतीच्या साजात जवमण्यांच्या (जवाच्या आकाराच्या मण्यांच्या) मध्ये 21 पानं, म्हणजे छोटी नक्षीदार पदकं, ओवलेली असतात. त्यांचा हिशोब असा सांगतात की 10 पानं म्हणजे विष्णूचे दशावतार, 8 अष्टमंगलाची म्हणजे आठ शुभचिन्हांची, दोन माणिक आणि पाचूची आणि शेवटचं एक ताईताचं. प्रत्यक्षात कारागिरागणिक यादी बदलते, म्हणजे मासा, कासव, शंख, चंद्र, कमळ ही पानं बहुतेक ठिकाणी दिसतात पण त्यांच्याच शेजारी बेलपान, नाग, भुंगा, वाघनख, कारलं, दोडका, गंडभेरुंड, कीर्तिमुख असलंही बरंच काही येतं. आता बघा, मासा-कासव विष्णूचे, बेलपान शंकराचं, वाघनख दृष्ट लागू नये म्हणून लहान मुलांच्या गळ्यात बांधायचे तेच, आणि कारलं-दोडका म्हणजे परसातला वेल, भरभरून फळणारा. गंडभेरुंड हा दोन डोक्यांचा पक्षी तर विजयनगर आणि म्हैसूरकडचं राजचिन्ह, कोल्हापूर कर्नाटकाला किती जवळ आहे ते एका पानात कळतं!

कीर्तिमुखाची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. शंकराने एक भयंकर भुकेला गण निर्माण केला, पण ज्याला खायचं तोच शरण आला, मग शंकराने त्याला स्वतःलाच खायला सांगितलं आणि त्याने पायापासून सुरू करून सगळं अंग खाल्लं, फक्त तोंड उरलं. शंकर खूश झाला आणि म्हणाला तू आता माझ्या दारावर रहा. म्हणूनच आपल्याकडे देवळाच्या उंबऱ्यावर, चौकटीवर हे तोंड असतं आणि साजात ते राखण करायला गळ्यात येऊन बसलंय.

पुतळ्यांची माळ वेगळ्याच वाटेने आली. इटलीतल्या व्हेनिसचं सोन्याचं डुकाट नाणं 1284 पासून पडायला लागलं, साधारण साडेतीन ग्रॅमचं आणि एकदम शुद्ध, त्यामुळे मिरी-मसाल्याच्या व्यापारात ते भारतात भरपूर आलं. त्याच्या एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा राज्यप्रमुख आणि दुसऱ्या बाजूला चांदण्यांमध्ये उभा ख्रिस्त. आपल्या लोकांना दिसल्या त्या उभ्या बाहुल्या, म्हणून पुतळी. मग इथल्या सोनारांनी तसेच ठसे बनवले, लॅटिन अक्षरं नुसत्या रेघा होऊन गेल्या आणि हळूहळू त्या आकृत्यांमध्ये आपले देव आले, आज पुतळीवर लक्ष्मी पण दिसते. व्हेनिसचं प्रजासत्ताक 1797 मध्ये संपलं, माळ मात्र चालूच आहे.

जव, जोंधळा, बोर यांच्या आकाराचे मणी (जोंधळी पोत, बोरमाळ) शेताशी जोडलेले आहेत, घरात धान्य कमी पडू नये एवढाच साधा अर्थ. मंगळसूत्राच्या दोन वाट्या एक माहेरची एक सासरची, काळे मणी दृष्टीसाठी, हे सगळ्यांना माहितीच आहे.

नथीबद्दल मात्र थोडं सांगायला पाहिजे. ती आपल्याला अगदी पुराणकाळापासूनची वाटते पण अजिंठ्याच्या चित्रांत किंवा वेरूळच्या शिल्पांत एकाही स्त्रीच्या नाकात नथ नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतले अभ्यासक प. कृ. गोडे यांनी 1930 च्या दशकातच संस्कृत साहित्य धुंडाळून दाखवलं होतं की हा दागिना इकडे बराच उशिरा आलाय. त्यातले उत्तम मोती बसरा म्हणजे इराणच्या आखाताकडचे. आणि तरी पेशवाईनंतर मराठी बाईची ओळख म्हणून नथच पुढे येते, यात मला कमीपणा काही वाटत नाही, उलट बाहेरून आलेलं इतकं आपलंसं करणं हीच मोठी गोष्ट.

हल्ली बारीक साज मिळतात, कमी पानांचे, त्यात दहा अवतारसुद्धा पूर्ण बसत नाहीत, तेव्हा ऑर्डर देताना कुठली पानं ठेवणार आणि कुठली गाळणार हे सोनाराला नक्की विचारा, आणि कीर्तिमुख तरी ठेवायला सांगाच.